परदेशी शिकणाऱ्या आपल्या मुलांना मारतात म्हणे, खरं का?

पश्चिमवारा
गेल्या आठवड्यात भाच्याचं मेलबर्नचं ऑफर लेटर आलं. बहिणीने घरच्या ग्रुपवर पेढ्यांचा फोटो टाकला, सगळ्यांनी अंगठे दाखवले, आणि पाचच मिनिटांत मला तिचा वेगळा मेसेज: "दादा, तिकडे आपल्या मुलांना मारतात म्हणे. खरं का?"

"हो" लिहिलं, खोडलं. "नाही" लिहिलं, तेही खोडलं. शेवटी "फोन करतो" म्हणून सुटलो. फोनवर जे बोलता आलं नाही ते इथे लिहितोय. लांबलंय, सांभाळून घ्या.

मी २००८ च्या जुलैमध्ये मेलबर्नला आलो, अकाउंटिंग शिकायला. खरं सांगायचं तर पीआर, म्हणजे कायम राहायचा परवाना, मिळवायला. अकाउंटिंग, कुकरी, हेअरड्रेसिंग हे सगळं तेव्हा 'मागणी असलेल्या व्यवसायां'च्या सरकारी यादीत होतं आणि एजंट ती यादी मेनूकार्डासारखी पुढ्यात ठेवायचे. (फेब्रुवारी २०१० मध्ये सरकारने ती यादीच रद्द केली. आमच्यातले कित्येक जण लाखो रुपये भरून कांदा चिरायला शिकले आणि तसेच राहिले. पण तो वेगळ्या धाग्याचा विषय.)

२००९ ज्यांना आठवतंय त्यांना सांगायला नको. मे महिन्यात वेरिबी लाइनच्या ट्रेनमध्ये एका भारतीय मुलाला बडवतानाचं सीसीटीव्ही चित्रण टीव्हीवर आलं. त्याच महिन्यात एका घरगुती पार्टीत काही जण आगंतुक घुसले आणि आंध्रच्या एका विद्यार्थ्याच्या डोक्यात स्क्रूड्रायव्हर खुपसला. ३१ मेला तो जिथे बेशुद्ध पडला होता त्या रॉयल मेलबर्न हॉस्पिटलपासून मोर्चा निघाला आणि मुलं फ्लिंडर्स स्ट्रीटच्या चौकात ठाण मांडून बसली. जानेवारी २०१० मध्ये कामावर निघालेल्या २१ वर्षांच्या पंजाबी मुलाला एका बागेत भोसकलं, तो गेला. मारणारा १५ वर्षांचा निघाला, मोबाइल हिसकावायला आलेला.

पोलिसांचं पालुपद एकच. हे वर्णद्वेषी हल्ले नाहीत, संधिसाधू गुन्हे आहेत, तुमची मुलं 'सॉफ्ट टार्गेट' आहेत. सल्ला काय, तर ट्रेनमध्ये आपल्या भाषेत मोठ्याने बोलू नका, आयपॉड-लॅपटॉप बाहेर काढू नका. तेव्हा डोकं फिरायचं, आजही फिरतं. पण त्या 'सॉफ्ट टार्गेट'वर मी पुढे बरीच वर्षं विचार करत राहिलो. रात्री साडेबाराच्या ट्रेनच्या रिकाम्या डब्यात नेमके आम्हीच का असायचो?

कारण आम्ही कामावरून परतत असायचो. व्हिसावर आठवड्याला २० तास कामाची मुभा. त्यात खोलीचं भाडं निघायचं, फी नाही. मी एका रेस्टॉरंटमध्ये लागलो. मालक आपलाच, म्हणजे भारतीय. पहिला आठवडा 'ट्रायल', म्हणजे फुकट. नंतर ताशी ८ डॉलर, रोख. कायद्याने तेव्हा किमान १४ डॉलर ३१ सेंट द्यायला हवे होते. २० तासांच्या वरचं काम वहीत चढायचंच नाही, आणि मालकाचा हुकमी एक्का तोच. मी तक्रार केली तर त्याला फार तर दंड, माझा मात्र व्हिसाच जाणार.

दुसऱ्या ठिकाणी तर पगार नियमाप्रमाणे बँकेत जमा व्हायचा, पे-स्लिपसकट. मग दर शुक्रवारी कोल्डरूममध्ये दार लोटून, पनीरच्या डब्यांशेजारी उभं राहून त्यातले जवळजवळ निम्मे पैसे मालकाला परत द्यायचे. तो जिभेला बोट लावून नोटा मोजायचा आणि मोजता मोजता विचारायचा, "आई बरी आहे ना रे?" २०१५ मध्ये सेव्हन-इलेव्हनच्या दुकानांमधला हाच प्रकार पत्रकारांनी बाहेर काढला तेव्हा ऑस्ट्रेलियन लोक थक्क झाले. आम्ही नाही झालो.

मोर्चाच्या दिवशी याच मालकाने पाठिंबा म्हणून समोशांचे दोन ट्रे पाठवले होते. मी साडेपाचला चौकातून उठलो, सहाची शिफ्ट होती. पाच मिनिटं उशीर झाला म्हणून त्याने अर्ध्या तासाचे पैसे कापले.

तर बहिणीला काय सांगू? रस्त्यावरचा मार टीव्हीवर दिसतो. त्या रस्त्यावर त्या वेळी पोराला कोण आणून उभं करतं ते दिसत नाही. तुमचे अनुभव लिहा, कुठल्याही देशातले.

चहाबाज
एवढं सगळं भोगून भाच्याला पाठवताय? इथली कॉलेजं काय बंद पडलीत?

पश्चिमवारा
मी पाठवत नाहीये, तो निघालाय. आणि १७ वर्षं इथे राहून, इथलं घर घेऊन, मी त्याला "तू येऊ नकोस" कुठल्या तोंडाने सांगू?

मी_मानसी
डिसेंबर २०११ मध्ये मी मँचेस्टरला एमएस्सी करत होते. २६ तारखेला पहाटे शेजारच्या सॅलफर्डमध्ये पुण्याच्या मुलाला गोळी घातली. लँकेस्टरला शिकणारा, २३ वर्षांचा, मित्रांबरोबर बॉक्सिंग डेच्या सेलच्या रांगेत नंबर लावायला निघालेला. समोरून आलेल्याने किती वाजले विचारलं, यांनी सांगितलं, त्याने पिस्तूल काढलं. ओळख ना देख. घरच्यांना मुलगा गेल्याचं आधी फेसबुकवरून कळलं. ते वाचून माझी आई जी हादरली, ती आजही माझा फोन पहिल्या रिंगला उचलते.

ते वर्णद्वेषातून झालं का? पोलिसांनी सुरुवातीला हेट क्राइम धरूनच तपास केला. स्टीफन लॉरेन्स या कृष्णवर्णीय मुलाच्या वर्णद्वेषी खुनाच्या प्रकरणावरच्या १९९९ च्या मॅकफर्सन अहवालानंतर ब्रिटनमध्ये पद्धत अशी की पीडिताला किंवा दुसऱ्या कुणालाही घटना वर्णद्वेषी वाटली, तर तशी नोंद व्हायला हवी. हेतू सिद्ध होणं ही पुढची गोष्ट, आणि या खटल्यात तो सिद्ध झाला नाही. आरोपीला जन्मठेप झाली, किमान ३० वर्षं. हे मुद्दाम लिहितेय, कारण आपल्याकडे दोनच टोकं असतात. एक तर "सगळं वर्णद्वेषी", नाहीतर "पोरगं रात्री बाहेर कशाला गेलं".

माझ्या वाट्याला आलं ते किरकोळच. चालत्या गाडीतून अंडं, आणि "पाकी" अशी हाक. अंड्याचं काही नाही, कोट धुता येतो. पण त्या क्षणी मला ओरडून सांगावंसं वाटलं होतं की अरे, मी पाकी नाही, इंडियन आहे. त्या वाटण्याची मला अजून लाज वाटते.

आकडेमोड
भावना बाजूला ठेवून थोडे आकडे देतो. जुलै २०२४ मध्ये सरकारने लोकसभेत दिलेलं उत्तर: आधीच्या पाच वर्षांत परदेशात ६३३ भारतीय विद्यार्थ्यांचा मृत्यू. कॅनडा १७२, अमेरिका १०८, ब्रिटन ५८, ऑस्ट्रेलिया ५७. यात हल्ल्यात गेलेले १९. त्यातले ९ कॅनडात, ६ अमेरिकेत. बाकी आजार, अपघात वगैरे. बाहेर शिकणारी मुलं १३ लाखांच्या वर. तुम्हीच भागाकार करा. एक जीव गेला तरी वाईटच, पण तुमच्या बहिणीला घाबरवण्याइतकं यात काही नाही. चॅनेलवाल्यांना मसाला लागतो, आपल्याला नको.

पश्चिमवारा
आकडे बरोबर आहेत, आणि ते मी बहिणीला पाठवलेही. पण संसदेतल्या उत्तरात मेलेल्यांचीच मोजदाद असते. थुंकलेलं, ढकललेलं, पगार बुडवलेलं त्यात येत नाही. आणि 'अपघात' या रकान्याबद्दल एक. गाडी ठोकून गेलेला पोरगा पहाटे तीनला कुठून परत येत होता, किती तासांचा जागा होता, हा रकाना त्या उत्तरात नसतो.

आकडेमोड
हे मान्य. असा रकाना हवा.

निळावंती
मी कॅनडातल्या ब्रॅम्प्टनहून लिहितेय. २०२३ च्या सप्टेंबरच्या बॅचची.

आम्हाला व्हिसासाठी जीआयसीमध्ये (तिकडच्या बँकेतली मुदत ठेव) १०,००० डॉलर दाखवायला सांगितले होते. वर्षाच्या राहण्याखाण्याला एवढे पुरतात, असं कॅनडा सरकारचं म्हणणं. मी पोचून चार महिने होत नाहीत तोवर, १ जानेवारी २०२४ पासून, तीच रक्कम २०,६३५ झाली. म्हणजे आमच्या बॅचला निम्म्या वर्षाचे पैसे घेऊन वर्ष काढायला पाठवलं होतं, हे त्यांनीच मान्य केलं म्हणायचं.

बाकीचं निम्मं वर्ष आम्ही बेसमेंटमध्ये काढलं. सात मुली, एक बाथरूम. फ्रिजवर अंघोळीचं वेळापत्रक, माझी पाळी पहाटे पावणेपाचची. भाडं रोख, पावती नाही, कागद नाही. घरमालकाला सगळ्या 'अंकल' म्हणायच्या. अंकल रात्री अकराला हीटर बघायला यायचे. हीटरला काही झालेलं नसायचं. एकीला म्हणाले, भाड्याचं काय ते आपण 'अॅडजस्ट' करू. ती त्याच रात्री कचऱ्याच्या काळ्या पिशव्यांत कपडे भरून निघाली. बाहेर उणे १४. आम्ही सहा जणी खिडकीतून तिचे पाय बघत राहिलो, बेसमेंटच्या खिडकीतून तेवढंच दिसतं. त्यानंतर सहा जणींत भाडं वाटून दिलं.

तक्रार कुठे करणार, हातात कागद नाही, असं आम्ही धरून चाललो होतो. पुढे कळलं की ओंटारिओत तोंडी करारही करार मानतात आणि लँडलॉर्ड अँड टेनंट बोर्डाकडे जाता येतं. हे कॉलेजच्या ओरिएंटेशनमध्ये कुणी सांगितलं नव्हतं. तिथे मेपल सिरपची छोटी बाटली दिली होती.

एजंटबद्दल लिहायला बसले तर रात्र जाईल. एवढंच सांगते की तो 'मोफत सल्ला' देतो, कारण त्याला कॉलेजकडून आपल्या फीवर कमिशन मिळतं. त्यामुळे त्याचं कॉलेज नेहमीच 'टॉप' असतं. २०२३ मध्ये शेकडो मुलांची प्रवेशपत्रंच खोटी निघाली, बहुतेक पंजाबची मुलं. कित्येकांना ते कळलं शिकून, नोकरीला लागून, पीआरचा अर्ज केल्यावर. आखाती देशांत मजूर पाठवणाऱ्या एजंटला १९८३ च्या एमिग्रेशन कायद्याखाली नोंदणी लागते. विद्यार्थी पाठवणाऱ्याला त्या कायद्याखाली काही लागत नाही. एक एसी केबिन आणि भिंतीवर झेंडे एवढं पुरतं.

मी_मानसी
निळावंती, तुमच्या त्या मैत्रिणीचं पुढे काय झालं?

निळावंती
गुरुद्वाऱ्यात आठ दिवस राहिली. आता नर्सिंग होममध्ये नोकरीला आहे. त्या घराचं नाव काढलेलं तिला चालत नाही. इथे लिहायला मात्र हो म्हणाली.

थंडगार
अमेरिकेचं माझ्याकडून. एफ-१, म्हणजे विद्यार्थी व्हिसावर कॅम्पसमध्ये आठवड्याला २० तास, बाहेर विनापरवाना एक तासही नाही. कॅम्पसवरच्या नोकऱ्या मोजक्या, एका कॅन्टीनच्या जागेला पन्नास अर्ज. मग पोरं गॅस स्टेशनवर, मोटेलवर, रोखीत.

माझा रूममेट असाच रात्रपाळीला गल्ल्यावर असायचा. एका रात्री दोघे आले, बंदूक दाखवून गल्ला घेऊन गेले. याने मालकाला फोन केला. मालक (आपलाच, सांगायला नकोच) दहा मिनिटांत आला आणि पहिलं वाक्य काय, तर "पोलीस यायच्या आत मागच्या दाराने नीघ." लुटला गेलेला माणूस चोरासारखा पळाला. पोलिसांना मालकाने सांगितलं, गल्ल्यावर मीच होतो. पोरगा पहाटे घरी आला तेव्हा त्याच्या पँटचं काय झालं होतं ते मी लिहीत नाही. त्या रात्रीचे पैसेही मिळाले नाहीत. गल्लाच गेला ना, म्हणे.

आणि व्यवस्थेच्या लेखी आपली किंमत काय, तर जानेवारी २०२३ ची सिएटलची घटना आठवा. २३ वर्षांची आंध्रची विद्यार्थिनी रस्ता ओलांडत होती आणि पोलिसांच्या गाडीने उडवलं. ताशी २५ मैलांच्या रस्त्यावर गाडीचा वेग ७४ पर्यंत गेलेला. नंतर दुसऱ्याच एका पोलिसाचं फोनवरचं बोलणं त्याच्याच बॉडीकॅमेऱ्यात सापडलं. हसत हसत म्हणत होता की ११ हजारांचा चेक लिहून टाका, तिची किंमत मर्यादितच होती. त्याला नोकरीवरून काढायला जुलै २०२४ उजाडलं.

सरकारी सापळ्यांचंही ऐका. मिशिगनमध्ये इमिग्रेशन खात्याने 'युनिव्हर्सिटी ऑफ फार्मिंग्टन' नावाचं खोटंच विद्यापीठ उघडलं होतं, वेबसाइट वगैरे सगळं. जानेवारी २०१९ मध्ये धरपकड केली, पकडलेल्या १३० विद्यार्थ्यांत १२९ भारतीय. पोरांचं काही चुकलं नाही असं मी म्हणणार नाही. वर्ग नाहीत, शिक्षक नाहीत, हे दिसत होतंच. पण फी सरकारने घेतली आणि बेड्याही सरकारने घातल्या.

बिनधास्त_बंडू
गोऱ्यांच्या रक्तातच आहे हे. दीडशे वर्षं राज्य केलं, अजून माज उतरलेला नाही. आपण त्यांना अतिथी देवो भव करायचं आणि ते आपल्या पोरांना मारणार.

गोदाकाठ
बंडूशेठ, जरा दमानं. या धाग्यात आत्तापर्यंत पगार कुणी बुडवला, हीटर बघायला कोण आलं, मागच्या दाराने कुणी पळवलं? परत वर जाऊन वाचा.

आणि अतिथी देवो भवचं म्हणाल तर जानेवारी २०१४ मध्ये दिल्लीत लाजपतनगरला अरुणाचलच्या विद्यार्थ्याला केसांवरून चिडवून मारहाण केली, दुसऱ्या दिवशी तो गेला. मार्च २०१७ मध्ये ग्रेटर नोएडात जमावाने आफ्रिकन विद्यार्थ्यांना मॉलमध्ये घुसून झोडपलं. तेव्हा आपलं सरकारही म्हणालंच होतं की हे वर्णद्वेषी नव्हे. मेलबर्नचे पोलीस आणि आपण एकाच शाळेतले.

माझा स्वतःचा अनुभव जर्मनीतला. तिथे जर्मन घरमालकाने मला पगार, पासपोर्ट, बँकेचा ब्लॉक्ड अकाउंट, एवढंच विचारलं. शेअरिंगच्या खोलीसाठी मराठी मुलांकडे गेलो तेव्हा आडनाव विचारलं. ते सांगितल्यावर गाव विचारलं. गाव सांगितल्यावर म्हणाले, "आम्ही कळवतो." अजून कळवतायत. सिएटलने फेब्रुवारी २०२३ मध्ये शहराच्या कायद्यात जातिभेदबंदी घातली तेव्हा इथल्याच एका धाग्यावर "आपली बदनामी" म्हणून गळे काढले गेले होते. मला त्या दिवशी 'कळवतो' म्हणणारे आठवले.

बिनधास्त_बंडू
विषय भरकटवू नका. जात मध्ये आणायची गरज नव्हती.

गोदाकाठ
मी आणली नाही, ती आधीच खोलीत राहत होती. मलाच खोली मिळाली नाही.

मी_मानसी
गोदाकाठ +१. तरी एक सांगते. आपल्यातले लुबाडतात म्हणून बाहेरचा द्वेष खोटा ठरत नाही. 'आपणही कुठे चांगले' हे खरंच आहे, पण मार खाल्लेल्या पोराला ते ऐकवू नये.

डब्लिनचा_पाऊस
आयर्लंडमध्ये सहा वर्षं आहे. आम्ही 'इथे असलं काही नाही' म्हणणारे. जुलै २०२५ मध्ये डब्लिनच्या टॅला उपनगरात एका भारतीय माणसाला मारून अर्धा नागवा केला, नंतर एकामागून एक घटना. १ ऑगस्टला दूतावासाने सूचना काढली की अवेळी निर्जन भागात जाऊ नका. माझी डिलिव्हरीवाली पोरं विचारतात, काका, आम्हाला ऑर्डरच निर्जन भागातल्या येतात, काय करू? उत्तर असेल तर द्या.

शेंडेफळ
नमस्कार, मी नवीन सदस्य. बरेच दिवस वाचत होते, आज या धाग्यासाठी खातं उघडलं. पश्चिमवारा दादा, माझा भाऊ मेलबर्नला आहे, दुसरं वर्ष. तुम्ही कोल्डरूमचं लिहिलंय ते अगदी तसंच त्याच्याकडे चालू आहे, फक्त शुक्रवारऐवजी रविवारी. एवढ्या वर्षांत काहीच बदललं नाही का? तो म्हणतो तक्रार केली तर व्हिसा जाईल. घरी आईबाबांना माहीत नाही. काय करावं?

पश्चिमवारा
ताई, बदललंय, पण मालकांनी पोरांना ते कळू दिलेलं नाही.

१ जुलै २०२३ पासून मर्यादा पंधरवड्याला ४८ तास आहे. किमान वेतन जुलै २०२५ पासून ताशी २४ डॉलर ९५ सेंट, कॅज्युअलला (कायम नोकरी नसलेल्याला) त्याहून जास्त. व्हिसाचं म्हणाल तर फेअर वर्क ओम्बड्समन (कामगारांच्या तक्रारी बघणारी सरकारी संस्था) आणि इमिग्रेशन खातं यांच्यात २०१७ मध्येच ठरलं की पिळवणुकीची तक्रार करून मदत मागणाऱ्याचा व्हिसा कामाच्या अटी मोडल्या म्हणून सहसा रद्द करायचा नाही. त्याला काही अटी आहेत, त्या वकिलाकडून समजून घ्या. जुलै २०२४ मध्ये 'वर्कप्लेस जस्टिस' नावाचा तात्पुरता व्हिसाही सुरू झाला, हक्काच्या पैशासाठी भांडणाऱ्याला थांबता यावं म्हणून. बुडालेला पगार सहा वर्षांपर्यंत मागता येतो.

आता भावाने आजपासून करायचं ते. मालकाशी एक शब्द बोलायचा नाही. रोज आल्या-गेल्याची वेळ स्वतःच्या वहीत, तारखेसकट. रोस्टरचे फोटो, मालकाचे व्हॉट्सअॅप मेसेज यांचे स्क्रीनशॉट ईमेलवर. बँकेचं स्टेटमेंट: पगार जमा झाल्यावर दोन दिवसांत एटीएममधून ठरावीक रक्कम निघते, दर आठवड्याला तेवढीच, हे दिसतंच. आणि त्याचं मायकी कार्ड (ट्रेन-ट्रामचं तिकीट कार्ड) त्याच्या नावावर नोंदवलेलं असेल तर प्रवासाचे तपशील उतरवून ठेवायचे. वहीत २० तास लिहिलेला मुलगा आठवड्यातून सहा रात्री बाराला त्याच स्टेशनवर काय करत होता, याचं उत्तर मालकाला देता येत नाही. हे मला २००९ मध्ये कुणी सांगायला हवं होतं.

मग विद्यापीठाची विद्यार्थी कायदा सेवा किंवा स्टडी मेलबर्नकडे जायचं. मोफत असते.

शेंडेफळ
खूप आभार दादा. सगळं त्याला पाठवलं. वाचलं त्याने. म्हणाला, पहिल्या महिन्यात जागा नव्हती तेव्हा याच मालकाने स्टोअररूममध्ये झोपू दिलं होतं. आईच्या ऑपरेशनच्या वेळी न मागता ५०० डॉलर दिले, अजून परत मागितले नाहीत. "त्याच्याविरुद्ध कसा जाऊ?" म्हणतो. पण मायकीचे तपशील उतरवून ठेवलेत, असंही म्हणाला.

पश्चिमवारा
दर रविवारी किती परत देतो?

शेंडेफळ
२८० डॉलर.

पश्चिमवारा
किती महिने झाले?

शेंडेफळ
अकरा.